शब्दचर्चा: प्रामाणिक टीम, इमानी टीम आणि ‘घडवणे’

नव्याने गटप्रमुख झालेल्यांसाठीची एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करतेय. एका प्रकरणाला मी शीर्षक दिलं होतं, ‘नेते घडवा, प्रामाणिक संघ बांधा’. कच्चा मजकूर वाचून सहकारी म्हणाला, “म्हणजे पैसे न खाणारी माणसं घ्या, एवढंच ना?” मजकुरात पैशाचा संबंधच नाही! तिथं म्हणायचंय ते वेगळं: काम मागे पडलंय, चूक माझी आहे, तुमचा निर्णय मला पटलेला नाही, हे माणसं एकमेकांना आणि वरच्यालाही तोंडावर सांगू शकतात. याला नेमका शब्द कोणता? शिवाय ‘नेता’ म्हटलं की डोळ्यांपुढे हार, माईक आणि व्यासपीठ उभं राहतं. त्याचं काय करू?

प्रतिसाद:
सहकाऱ्याचा दोष नाही, शब्दच आकसलाय. प्रामाणिक हा ‘प्रमाण’वरून आलेला, प्रमाणाला, पुराव्याला धरून असलेला तो प्रामाणिक. हिंदीत ‘प्रामाणिक ग्रंथ’ म्हणजे विश्वासार्ह, अधिकृत ग्रंथ, आणि सचोटीच्या माणसाला तिकडे ‘ईमानदार’ म्हणतात. मराठीत तो माणसाचा गुण झाला, आणि पुढे रोजच्या बोलण्यात सापडलेलं पाकीट परत करण्यापुरता उरला. पण ‘माझं प्रामाणिक मत’ म्हणतो तेव्हा तुम्हाला हवा तोच अर्थ असतो. तेव्हा विशेषण राहू द्या, विशेष्य बदला. ‘प्रामाणिक टीम’ म्हटलं की हिशेब आठवतो, ‘प्रामाणिक बोलणं’ म्हटलं की नाही आठवत.

प्रतिसाद:
फक्त त्या जागी ‘इमानी’ घालू नका, कुणीतरी सुचवेलच. इमान अरबीतून आलं, तिकडे अर्थ श्रद्धा. मराठीत ते धन्याशी बांधलं गेलं: इमानेइतबारे चाकरी, खाल्ल्या मिठाला जागणं. कुत्र्याला आपण इमानी म्हणतो, प्रामाणिक कधी म्हणत नाही.

पुस्तिकेचा सगळा मुद्दा या दोन शब्दांमधल्या फटीत आहे असं मला वाटतं. आमच्याकडच्या एका बैठकीत साहेबांनी विचारलं, “तारीख गाठू ना?” आठ जणांनी माना डोलावल्या. दहा मिनिटांनी त्यातलेच तिघे जिन्यात उभे राहून हिशेब करत होते की किमान तीन आठवडे उशीर होणार. मान डोलावणारे आठही जण इमानी होते, साहेबांवर जीव टाकणारे. खरं मात्र जिन्यात बोललं गेलं. अशांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही: होयबा, नंदीबैल, री ओढणारे, हांजी हांजी करणारे. उलट बाजूला मात्र परखड, फटकळ, तोंडाळ! खरं बोलणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या शब्दांत शिव्याच जास्त. ‘परखड’ त्यातल्या त्यात मानाचा, पण तो सहसा लेखकाला किंवा टीकाकाराला लावतात; हाताखालच्या माणसाला ‘परखड’ म्हटलं की पाठोपाठ ‘पण’ येतोच.

प्रतिसाद:
‘संघ’विषयी थोडं. संघ, संघटना, संघर्ष हे तिघे भाऊ वाटतात, पण प्रत्येकाचा धातू निराळा. संघ ‘सम् + हन्’पासून (होय, मारणे-ठोकणे या अर्थाचा हन्), संघटना ‘घट्’पासून आणि संघर्ष ‘घृष्’ म्हणजे घासणे यापासून. म्हणजे संघ हा ठोकून घट्ट केलेला. बऱ्याच बैठका पाहिल्यावर हे पटतं.

आणि कृपया ‘चमू’ नको. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन द्रोणाचार्यांना पांडवांची ‘महती चमू’ दाखवतो, ती सेना आहे. महाभारतातल्या मोजणीप्रमाणे एका चमूत ७२९ रथ, ७२९ हत्ती, २१८७ घोडे आणि ३६४५ पायदळ. आपण पाच जणांना चमू म्हणतो, वर संस्कृतातल्या स्त्रीलिंगी शब्दाचा पुल्लिंगी करतो.

प्रतिसाद:
चमूवर एवढा राग कशाला? शब्दांनी मूळ अर्थाशी इमान राखावं असं कुठे आहे? ‘म्होरक्या’ बघा. म्होरं चालणारा तो म्होरक्या, इतका साधा शब्द. आता बातमीत दिसला की मागे टोळी आणि पुढे अटक ठरलेली. ‘नायक’ तर नाटकातही गेला, आणि ‘नाईक’ होऊन फौजेतही, लान्स नाईकच्या वर आणि हवालदाराच्या खाली. ‘नेता’ म्हणजे नेणारा. नीती, विनय, नयन त्याच ‘नी’ धातूचे. अभिनेताही त्याच घरचा, पण हे नातं प्रशिक्षणात सांगू नका, हशा पिकेल.

माझं मत, पुस्तिकेत ‘गटप्रमुख’च लिहा. त्याला व्यासपीठाचा वास नाही.

प्रतिसाद:
‘घडवा’ मात्र सोडू नका. घडणे हा संस्कृत ‘घट्’चाच मराठी अवतार, वर आलेल्या ‘संघटना’तला. ‘नेतृत्वविकास’ कागदावर बरा दिसतो, पण तो बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. बोलताना आपण म्हणतो, “ती अमक्याच्या हाताखाली तयार झाली.” यात शिकवणारा, शिकणारा आणि मध्ये गेलेला काळ, तिन्ही आले. ‘उमेदवारी’ हाही असाच शब्द. निवडणुकीने पळवण्याआधी उमेदवारी करणं म्हणजे पुढे जागा मिळेल या आशेवर कुणाच्या तरी हाताखाली काम शिकत राहणं. फारसीतली ‘उमेद’ म्हणजे आशा. आता परत आणायचा म्हटला तरी लोक चिन्ह विचारतील.

प्रतिसाद:
‘हाताखाली’ला एक हरकत. त्यात वर हात आहेच, आणि तो हात डोक्यावरून निघाला नाही तर तयार झालेला माणूस जन्मभर दुय्यमच. ‘हाताशी धरून शिकवणं’ कसं वाटतं?

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. ‘हाताशी धरून’ प्रकरणात घेतलं, शीर्षकात लांबतं. संघ आणि चमू दोन्ही काढले, ‘टीम’ ठेवली, स्त्रीलिंगीच. आता शीर्षक असं आहे: ‘गटप्रमुख घडवताना, आणि टीमला खरं बोलू देताना’. जिन्यातला प्रसंग नावगाव न घालता उदाहरण म्हणून वापरू का? सहकाऱ्याला तोंडी सांगितला, तर त्याने विचारलं, आपल्याच बैठकीचा ना?