वकिली चालू ठेवून विधानसभा लढवताना सनद आणि सरकारी पॅनेलचं काय?

तालुका_बार: तालुका कोर्टात दिवाणी वकिली करतो, शिवाय एका सरकारी पॅनेलवर (सरकारची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलांच्या यादीत) नाव आहे. पुढची विधानसभा लढवायचा विचार आहे. सनद (वकिलीचा परवाना) परत करावी लागते का? पॅनेल कधी सोडावं?

छाननी_कक्ष: सनदेला हात लावू नका. आमदार वकिली करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये अश्विनीकुमार उपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलंय. बार कौन्सिलचा नियम 49 पूर्णवेळ पगारी नोकराला रोखतो. आमदार कुणाचा नोकर नसतो. मंत्रिपद मिळालं तर मात्र सनद स्थगित ठेवण्याचा अर्ज द्या.

खरा धोका पॅनेलचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 191 खाली लाभाचं पद (सरकारकडचं, आर्थिक लाभ देऊ शकणारं पद) असेल तर उमेदवारी अर्ज बाद होतो. महादेव विरुद्ध शांतिभाई खटल्यात रेल्वेच्या पॅनेलवरचा वकील त्यात अडकला. कांता कथुरिया खटल्यात मात्र एकाच प्रकरणापुरता नेमलेला विशेष सरकारी वकील बहुमताच्या निकालाने सुटला. तुमचं पॅनेल कुठल्या बाजूला पडेल यावर वाद घालत बसू नका, राजीनामा द्या. अपात्रता अर्जांच्या छाननीच्या दिवशी तपासतात, म्हणून त्याआधी राजीनामा स्वीकारल्याचं पत्र हातात हवं. नुसती आवक शिक्क्याची पोच दाखवली तर विरोधी उमेदवाराचा वकील तिथेच हरकत घेतो. हातातली प्रकरणं कुणाकडे दिली त्याची यादीही जोडून ठेवा.

सूचक_दहा: वकील मंडळी कायदा पाठ असल्याच्या भरवशावर नमुना 26 (अर्जासोबतचं मालमत्ता, गुन्हे वगैरेंचं शपथपत्र) घाईत भरतात. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. काही नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. रिसर्जन्स इंडिया निकालानंतर (2013) कोरे रकाने दाखवून दिल्यावरही भरले नाहीत तर अर्ज नाकारता येतो. प्रलंबित गुन्हे असतील, अगदी आंदोलनातले असले तरी, कलमांसकट लिहायचे.

बाकी: अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक (अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा, आणि ते सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. एबी फॉर्म (पक्षाने उमेदवारी दिल्याचं पत्र) अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत पोहोचला पाहिजे. अर्जाचे जास्तीत जास्त चार संच देता येतात, त्यामुळे एकातली चूक दुसऱ्याने सावरते. माझ्या मते वकिलाने दोन तरी द्यावेतच.

छाननी_कक्ष: खर्चाचं राहिलं. स्वतंत्र बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडा. महाराष्ट्रात मर्यादा 40 लाख (2022 पासून). निकालानंतर 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्या, हरलात तरी. सबळ कारणाशिवाय दिला नाही तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 10क प्रमाणे तीन वर्षांची अपात्रता येते.

बाभळगाव_वाचक: थेट विधानसभेआधी ग्रामपंचायत किंवा पंचायत समिती पाहा. विलासराव देशमुखही कायदा शिकलेले; पण 1974 मध्ये बाभळगावचे सरपंच झाले आणि आमदार 1980 मध्ये. पक्षकारांची ओळख तालुक्याच्या गावापुरती असते, बूथवरची माणसं मिळतात ती अशा निवडणुकांतून.