मदत हवी आहे : वडिलांच्या ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल बंद कराव्यात का?

सर्वांना नमस्कार. आम्ही फोंड्याचे. माझ्या थोरल्या काकांना प्रोस्टेटचा कर्करोग झाल्यापासून बाबांनी धास्ती घेतली असून, नात्यातल्या एकाच्या सांगण्यावरून त्यांनी रोज ई जीवनसत्त्वाची एक हिरवी कॅप्सूल घ्यायला सुरुवात केली आहे. गुडघ्यांची सूज उतरेल आणि कर्करोगही टळेल, अशी त्यांची पक्की समजूत आहे. पाकिटावर ‘टोकोफेरिल ॲसिटेट ४०० मिलिग्रॅम’ (ई जीवनसत्त्वाचेच एक रूप) असे छापलेले आहे.

याविषयी वाचू लागल्यावर माझी काळजी वाढली. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथील ३५,००० हून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी झाली होती. तीत ई जीवनसत्त्वाची रोजची मात्रा ४०० आंतरराष्ट्रीय एकके (आययू) होती, आणि कृत्रिम टोकोफेरिल ॲसिटेटचे ४०० मिलिग्रॅम म्हणजे तेवढीच एकके होतात. लाभ दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या, आणि २०११ च्या निष्कर्षांत नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळले. सात वर्षांत हजारी ६५ च्या जागी ७६. याउलट फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, रोज अवघ्या ५० मिलिग्रॅमवर प्रोस्टेटचा कर्करोग कमी आढळला होता, मात्र फुप्फुसाचा कमी झाला नाही आणि मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढले. बाबांना फक्त पहिला अर्धा भाग कुणीतरी सांगितलेला दिसतो.

सुजेचा मुद्दा मात्र मला सरळ झटकून टाकता येत नाही. तिळाच्या आणि सोयाबीनच्या तेलात भरपूर असणारे गॅमा टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचा एक प्रकार) दाह वाढवणाऱ्या कॉक्स-२ या विकराच्या कामाला आळा घालते, असे पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. कॅप्सूलमध्ये असतो तो अल्फा हा दुसरा प्रकार, आणि ते मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तातील गॅमाची पातळी उलट खाली जाते. मग सुजेसाठी ही कॅप्सूल घेण्यात काय अर्थ राहिला?

आहारातून द्यावे म्हटले, तर आमच्या स्वयंपाकघरातले खोबरेल आणि काजू या दोन्हींत ई जीवनसत्त्व कमीच असते. बदाम आणि सूर्यफुलाचे तेल त्या मानाने कितीतरी सरस.

सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे. हृदयाच्या झडपेमुळे बाबांना वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे, आणि मोठ्या मात्रेतील ई जीवनसत्त्वामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अलीकडे दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते. डॉक्टरांना या कॅप्सूलविषयी त्यांनी अजून सांगितलेले नाही. या आठवड्यात मी त्यांना आयएनआर तपासणीसाठी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी) बांबोळीच्या रुग्णालयात नेणार आहे.

जाणकारांनी, विशेषतः येथील डॉक्टर आणि औषधनिर्माते मंडळींनी कृपया सांगावे : तोपर्यंत कॅप्सूल थांबवायला सांगणे योग्य ठरेल का, आणि ती बंद केल्यावर वॉर्फरिनची मात्रा पुन्हा ठरवावी लागते का? आणि ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांची अशी समजूत काढावी लागली, त्यांनी ती कशी काढली?