मदत हवी आहे: कोल्हापुरात मुलांसाठी दगड-जीवाश्म मेळा, समुद्र नसताना

रंकाळावेस

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ वाचनालयाच्या पटांगणात मुलांसाठी दगड आणि जीवाश्मांचा मेळा भरवायचा आहे. मुलं साधारण १५०, वय ५ ते १२, बरोबर आईबाबा आणि आजीआजोबा. इंग्लंडात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे, तिथे असा जीवाश्म महोत्सव भरतो. डोळ्यासमोर तोच नमुना आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे समुद्र आहे आणि आपल्याकडे रंकाळा.

मांडायचं ते असं: प्लास्टरचे ठसे, वाळूतलं 'उत्खनन', काळाची दोरी आणि एक टेबल खऱ्या नमुन्यांचं. प्लास्टर प्रत्येकी किती लागेल आणि मुलांच्या हाती कसं द्यायचं? खरे नमुने कुठले ठेवायचे? पन्हाळ्यावर किंवा एखाद्या खाणीत मुलांना नेऊन जीवाश्म शोधता येतील का? खर्च पंधरा हजारांच्या आत बसवायचाय.

काळवत्री

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं तर सगळा मेळा चुकेल. पन्हाळ्यावर जीवाश्म मिळणार नाहीत. खाणीतही नाहीत. आपला काळा दगड म्हणजे लाव्हा. ११०० अंशांच्या पुढच्या रसात शिंपला पडला तरी उरणार काय? लाइम रेजिसचे कडे आहेत चुनखडीचे आणि चिखल थिजून झालेल्या दगडाचे. साधारण १९ ते २० कोटी वर्षांपूर्वी ते समुद्राच्या तळाशी थरावर थर साचले. वरून नवा चिखल बसत गेला म्हणून आतले अमोनाइट (गुंडाळलेल्या कवचाचे जुने समुद्री प्राणी) टिकले. हिवाळ्यातल्या वादळांनी कडा ढासळतो आणि नवे नमुने आपसूक किनाऱ्यावर येतात. लोक ते खाली पडलेले वेचतात. कडा कोरत बसणं तिथेही धोक्याचंच, दरड अंगावर येते.

दख्खनच्या दगडातही दोन लाव्हांच्या मधे तळ्यात साचलेला गाळ कुठे कुठे सापडतो आणि त्यात जीवाश्म असतात. मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकाचे मिळाले. पण तो नशिबाचा भाग, रविवारच्या सहलीचा नव्हे. शिवाय पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, तिथे हातोडी काढूच नका.

तर ताई, 'आपल्याकडे जीवाश्म का नाहीत' हेच पहिलं टेबल करा. काळवत्रीचा (आपल्या काळ्या दगडाचा) तुकडा, जांभ्याचा चिरा आणि फरशीच्या दुकानातून आणलेला चुनखडीचा तुकडा (शहाबादी चालेल) शेजारी शेजारी. काळवत्री आणि जांभ्यावर ड्रॉपरने पाणी टाकायला लावा. काळवत्रीवर ओघळ, जांभ्यात गडप. दोन्हींचं मूळ एकच. उष्ण, पावसाळी हवेत काळवत्रीतली सिलिका वाहून गेली, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. जिल्ह्याच्या पश्चिमेला पठारांवर बॉक्साइटच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजाच्या) खाणी आहेत त्या त्याचमुळे.

चिखलमाती

प्लास्टरचं मी सांगते.

साचा शाडूचा करा. गंगावेशीतल्या किंवा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत शाडू मिळेल, गणपतीचा हंगाम नसल्याने सवडीने मिळेल. एका साच्याला पाव किलोच्या आसपास, २ सेंटिमीटर जाडीची चकती. एका फेरीत २० मुलं घेतलीत आणि माती मळून पुन्हा वापरलीत तर १५ किलो पुरे. शाडू कणकेपेक्षा जरा घट्ट हवा. बोट दाबल्यावर ठसा उमटावा, बोटाला चिकटू नये. पाणी जास्त झालं की शिंपला उचलताना माती बरोबर येते आणि कड फाटते.

शिंपल्याला खोबरेल तेलाचं बोट पुसा, सरळ दाबा, सरळ वर उचला. तिरका काढला की ठसा गेला. भोवती १ सेंटिमीटर उंचीची मातीची भिंत. शिंपले उथळ, रेघांचे घ्या, तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवचं उत्तम. शंख टाळा, त्याच्या वळणात प्लास्टर अडकतं.

प्लास्टर वजनाने मोजा: १ किलो पीओपीला ६०० मिली पाणी. वाटीने मोजायचं तर ढोबळ दोनास एक. पाण्यात प्लास्टर, प्लास्टरमध्ये पाणी नव्हे. चिमटीने भुरभुरत टाका, मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळा. जोरात फेटलं की बुडबुडे होतात, आणि ते नेमके शिंपल्याच्या रेघांवर बसतात. ओतल्यावर पाट दोन-तीनदा खालून ठोका. ६ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड ठशाला ३० ग्रॅम पावडर लागते, सांडलवंड धरून ४० धरा. १५० मुलांना ६ किलो, हाताशी ८ ठेवा.

एका वेळी पाच ठशांपुरतंच कालवा. दहाएक मिनिटांत ते दाटतं. दाटलेल्यात पाणी घालून सैल करायचा मोह होतो, तसं केलेला ठसा नंतर भुगा होतो.

आणि एक गोष्ट फळ्यावर लिहून लावा: हाताचा पंजा प्लास्टरमध्ये बुडवून ठसा घ्यायचा नाही. घट्ट होताना प्लास्टर चांगलंच तापतं. जाड गोळ्यात हात अडकला तर भाजतो आणि निघतही नाही. कालवायचं काम मोठ्यांनीच करायचं, पावडर ओतताना तोंडाला रुमाल.

पंचगंगाकाठ

नमुन्यांच्या टेबलासाठी एक सुचवतो. अमोनाइट बघायला लाइम रेजिसला जायची गरज नाही, कोल्हापुरातल्या कित्येक देवघरांत तो आहे. शाळिग्राम! नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे काळे गोटे. त्यांतलं 'चक्र' म्हणजे अमोनाइटच्या गुंडाळलेल्या कवचाचा ठसा. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाचा चिखल आज मुक्तिनाथच्या उंचीवर जाऊन बसलाय. आजीआजोबा येणार म्हणताय ना, त्यांना हे टेबल सोडवणार नाही.

पण शाळिग्राम मागून आणलात तर काचेच्या पेटीतच ठेवा, मालकाच्या डोळ्यासमोर. मुलांच्या हातात नाही, आणि देवाच्या वस्तूवर व्हिनेगरचा थेंब तर नाहीच नाही! सगळ्या शाळिग्रामांत चक्र उघडं दिसत नाही, त्यामुळे आधी बघून निवडा.

हातात द्यायला विकतचे अमोनाइट घ्या. मादागास्करचे, कापून पॉलिश केलेले छोटे, दगडमण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. आतले कप्पे स्पष्ट दिसतात. ट्रायलोबाइट (खंडाखंडांच्या कवचाचा जुना समुद्री प्राणी) घेताना जपून, मोरोक्कोहून येणाऱ्यांत नकली फार. भिंगाखाली बारीक गोल बुडबुडे दिसले, किंवा एकाच पेटीतल्या दोघांची चीर हुबेहूब एकाच जागी असली, तर तो साच्यातला माल. 'डायनासोरचं अंडं' कुणी स्वस्तात देत असेल तर नमस्कार करून पुढे व्हा.

फरशीवाल्याकडे जैसलमेरचा हाबूर दगड आहे का तेही विचारा. पिवळसर-तपकिरी चुनखडी, त्यात शिंपल्यांचे काप दिसतात. एक तुकडा भिंगाखाली ठेवला की मुलं हलत नाहीत.

शोभेच्या दुकानातलं पोवळं मात्र मांडू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

काळवत्री

शाळिग्रामाचं एकदम मान्य. त्याला जोडून, व्हिनेगरची चाचणी आपल्याच दगडावर करा. काळवत्रीच्या पोकळ्यांत पांढरे दाणे भरलेले असतात, पाथरवटाकडच्या छाटात असे तुकडे मिळतील. ते पांढरं एकच नसतं. खिळ्याने ओरखडून भुकटी काढा आणि वर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही आणि खिळ्याने ओरखडलं गेलं तर बहुधा झिओलाइट (लाव्हाच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज). खिळा उमटलाच नाही आणि उलट त्याच तुकड्याने काचेवर चरा पडला, तर गारगोटी. (हो, भुदरगड तालुक्यातल्या गावाचं नाव आणि हे एकच.) ओरखडल्याशिवाय थेंब टाकलात तर स्वयंपाकाच्या व्हिनेगरने काहीच दिसणार नाही, ते फार सौम्य असतं. शेजारी तिसरीचं कवच ठेवा, तेही फसफसतं. कवच आणि कॅल्साइट एकाच पदार्थाचे, हे मुलांना न सांगता कळतं.

दगड फोडायचं काम मेळ्याच्या आधी उरका. कपची उडून डोळ्यात जाते.

रंकाळावेस

मनापासून आभार सगळ्यांचे. काल चाचणी घेतली. प्लास्टर तासाभरानेही ओलसर, आणि उचलताना कडा तुटल्या. माप १ किलोला ६०० मिलीच होतं. पोतं गणपतीच्या वेळचं, उघडं राहिलेलं. आणि उत्खननाच्या पेटीचं कुणीच बोललं नाही!

चिखलमाती

पोतंच गेलंय. पीओपी हवेतला ओलावा पितं आणि मग नीट घट्ट होत नाही. आपल्याकडचा पावसाळा त्याने उघडं राहून काढलाय, दुसरं काय होणार? नवीन आणा, आणि तेही तपासा: दोन चमचे पावडर, एक चमचा पाणी, पंधरा-वीस मिनिटांत कडक आणि हाताला कोमट लागायला हवं. कोमट झालं नाही तर परत करा. मीठ टाकून लवकर बसवा असं कुणीतरी सांगेल. बसतं लवकर, पण इतकं लवकर की मुलांच्या हातून ओतून होत नाही.

नवीन पोत्यावर ठसा अर्ध्या तासात निघतो. तोवर मुलांना दुसऱ्या टेबलांवर फिरवा. दाटत आलं की पाठीवर काडीने नंबर कोरा, नाव नको, नाव मावत नाही.

पेटीचं वयाप्रमाणे दोन तऱ्हांनी करा. सात वर्षांखालच्यांना घमेल्यात १२ सेंटिमीटर धुतलेली नदीची वाळू, किंचित ओलसर. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) नको, तिची धूळ उडते आणि कण टोचतात. घमेल्यावर आडवी-उभी सुतळी बांधून चार चौकोन करा, कुठल्या चौकोनात काय सापडलं ते कागदावर मांडायला लावा. एका घमेल्याला चारच मुलं.

मोठ्यांना ठोकळे. १ भाग पीओपी, ४ भाग वाळू, मिसळेल इतकंच पाणी, चहाच्या कागदी कपात भरून मध्ये शिंपला. दोन दिवस आधी करून कप सोलून वाळवा. नुसत्या प्लास्टरचा ठोकळा केलात तर पोर अर्धा तास खरवडत बसेल आणि शेवटी आपटून फोडेल. हत्यार म्हणजे आइस्क्रीमची काडी आणि जुना टूथब्रश. ठोकळ्यावर पाण्याचा फवारा मारत राहा, धूळ बसते.

पंचगंगाकाठ

काळाच्या दोरीचं माप: १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. पृथ्वीचं वय ४६० कोटी, म्हणून ४६ मीटर. सुतळी ताणते आणि झोळ पडतो, तेव्हा जमिनीवर फक्कीची रेघ आखा आणि टेप लावून खुणा करा. 'आज'कडून मागे मोजायचं. सजीवांचे जुने पुरावे ३५ मीटरवर. लाइम रेजिसचे अमोनाइट १.९ ते २ मीटरवर, शाळिग्राम दीड मीटरच्या आसपास. ६६ सेंटिमीटरवर दोन पाट्या एकाच जागी: 'डायनासोर संपले' आणि 'आपला काळा दगड झाला'. माणूस शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये. तिथे पाटी मावत नाही, टाचणी लावा.

या रेघेजवळ कुणीतरी हमखास टाउन हॉलच्या संग्रहालयातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंचा विषय काढणार, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या मूर्तीसकट. त्या माणसांच्या, दोनेक हजार वर्षांच्या आतबाहेरच्या. या रेघेवर केसाइतक्याही भरत नाहीत. पुरातत्त्व आणि जीवाश्म यांतला फरक तिथेच दाखवून टाका.

रंकाळावेस

नवीन पोतं आणलं, चमच्याची चाचणी कोमट निघाली. एकच राहिलं: उरलेल्या प्लास्टरच्या पाण्याचं काय करायचं? वाचनालयाची मोरी जुनी आहे.

चिखलमाती

मोरीत थेंबभरही नको, आत जाऊन घट्ट होतं आणि पाइप फोडावा लागतो. दोन बादल्या ठेवा. पहिलीत हात आणि भांडी धुवा, दुसरीत खळबळा. रात्रभर ठेवली की साका खाली बसतो, वरचं पाणी झाडांच्या आळ्यात न टाकता कडेला मातीवर ओता, साका वाळवून कचऱ्यात. कालवायला रबरी वाटी किंवा अर्धा कापलेला जुना चेंडू घ्या, वाळल्यावर दाबलं की प्लास्टर आपोआप सुटतं. प्लास्टर लागलेला शाडू कुंभार परत घेणार नाहीत, तेवढा हिशेबात धरा.