विंडोज १० थांबलं: आधी नवा पीसी की आधी जुना मजकूर?

जुळारी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. मशीन नेहमीसारखंच सुरू होतं, टायपिंग होतं, प्रिंटही निघते. पण त्यानंतर विंडोज १० च्या सुरक्षेत जी नवी भोकं सापडतील ती मुदतवाढ घेतल्याशिवाय कुणी बुजवणार नाही.

मी छोट्या छापखान्यांची आणि डीटीपीवाल्यांची, म्हणजे संगणकावर पानं मांडणाऱ्यांची, मशीनं बघतो. सध्या जो तो एकच विचारतो, "नवा पीसी केवढ्याला बसेल?" माझ्या मते हे नंतर विचारायचं. आज तुमच्या मशीनवर उघडतंय पण नव्यावर उघडणार नाही असं काय काय आहे, ते आधी बघा.

आमच्या धंद्यात ते फार आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आणि युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत पडून आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र. फॉन्ट नसला की पानभर नुसती एबीसीडीची खिचडी दिसते. काहींचे फॉन्ट डाँगलशिवाय, म्हणजे मशीनला लावायच्या किल्लीशिवाय, उघडत नाहीत, डाँगल चालवणारं सॉफ्टवेअर जुन्या ३२-बिट विंडोजचं, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. 'मार्मिक' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात वेलांटी 'म'च्या आधी टाइप होते आणि रफार 'म'च्या नंतर. युनिकोडमध्ये आधी अर्धा 'र', मग 'म', मग वेलांटी. कन्व्हर्टरने वेलांटी हलवली आणि रफार तिथेच ठेवला, की 'मामिर्क' तयार. असे शब्द पानापानावर निघतात आणि ते माणसानेच डोळ्यांखालून घालावे लागतात. हे काम दिवाळीच्या गर्दीत चार दिवसांत होणारं नाही.

म्हणून माझं मत: नवं मशीन घ्यायची घाई करू नका. ईएसयू, म्हणजे मुदतवाढीचे सुरक्षा अपडेट, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ३० डॉलर भरा, किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलात तर फुकट. तोवरचा वेळ मजकूर सोडवण्यात घालवा.

ताळेबंद

जुळारीदादा, मजकुराबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं, पण पुढचा सल्ला छापखान्याला लागू नाही. ३० डॉलरची किंवा फुकटची मुदतवाढ घरगुती वापरासाठी आहे. धंद्याच्या मशीनसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर, म्हणजे २०२५ च्या दराने सदतीस हजार रुपयांच्या आसपास. तेवढ्यात बऱ्यापैकी नवं मशीन येतं. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात.

मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते. आमच्या मशीनवर लोकांची पॅन कार्डं, आधार, बँक स्टेटमेंट आहेत. ती माणसं विश्वासाने कागद देऊन जातात. त्यांच्या जिवावर आम्ही पैसे वाचवायचे हे मला मान्य नाही. आणि मुदतवाढ मिळाली की अकरा महिने कुणी काही करत नाही. नवं मशीन आता लगेच घ्यावं.

निवांत

दोघांनीही उगाच घाबरवून सोडलंय. माझ्या भावाचं दुकान विंडोज ७ वर चालतं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, अजून काही झालेलं नाही. वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं नाव घ्यायच्या आधी एवढं लक्षात घ्या की २०१७ मध्ये त्यात सापडलेली बहुसंख्य मशीनं विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ तेव्हा सपोर्टमध्ये होतं! पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नाही. म्हणजे दोष तारखेचा नाही, आळसाचा आहे. क्रोम, फायरफॉक्स विंडोज १० वर चालूच राहणार. विंडोजमधल्या डिफेंडर या व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमला व्हायरसच्या नव्या याद्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार.

आणि कचऱ्याचं काय? कॅनॅलिस या बाजार-अभ्यास संस्थेचा २०२३ चा अंदाज होता की यामुळे जगभरात २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आत एसएसडी, अगदी सहज काम करणारी मशीनं केवळ प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही म्हणून टाकायची? हे मला पाप वाटतं.

पॅचवाला

निवांत, वॉनाक्रायचा तुमचा तपशील बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते तुमच्याच विरुद्ध. मार्चमध्ये पॅच आला आणि १२ मे रोजी हल्ला झाला. पॅच न टाकलेलं मशीन दोन महिन्यांत धोक्यात आलं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० नेमकं त्याच अवस्थेत गेलं, आणि मुदतवाढ नसेल तर टाकायला पॅचच नाही.

हे कसं होतं ते सांगतो. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोज ११ चे पॅच येतात. हल्लेखोर आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून बघतात की काय बदललं. जिथे बदल, तिथे भोक. १० आणि ११ मधला पुष्कळसा कोड सारखा, त्यामुळे तेच भोक १० मध्येही असण्याची शक्यता दाट. दर महिन्याला पत्ता जाहीर होत राहणार. डिफेंडर ओळखीचा व्हायरस पकडेल, भोक बुजवणार नाही. वॉनाक्रायला तर क्लिकसुद्धा लागत नव्हता, ऑफिसच्या नेटवर्कमधून तो आपोआप पसरायचा. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या तसल्याच व्हायरसने न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं, कंटेनर अडकून पडले होते. दुकानाला काही झालं नाही हे तिथल्या माणसांना सांगून उपयोग नव्हता.

कळफलक

भंगार आणि भोकं, दोन्ही टाळायची वाट आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी प्रणाली टाका, २०२९ पर्यंत अपडेट आहेत. चार जीबी रॅमवर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते. देवनागरी टायपिंगची इनस्क्रिप्ट कीबोर्ड-मांडणी आधीपासून आत असते, फक्त कीबोर्डच्या यादीत जोडायची. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात, मुलांचं काही अडलं नाही. आईवडिलांचं मशीन, मुलांचा अभ्यास, बँक, यूट्यूब, पत्रं: एवढ्यासाठी विंडोज हवंच कशाला? मी आईच्या लॅपटॉपवर मिंट टाकलं. एकदा ब्राउझरचं चिन्ह कुठे आहे ते दाखवलं, तेवढंच.

ताळेबंद

कळफलकदादा, घरासाठी चांगलंच आहे, माझ्याही घरी चालेल. पण ऑफिसात हिशेबाचं टॅली थेट लिनक्सवर चालत नाही आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनसाठी कुणाच्या पाया पडायचं? मार्चअखेरीला रात्री दहा वाजता टोकन ओळखलं गेलं नाही तर मदतीला येणारा माणूस गावात नाही. फुकट मिळालेल्या प्रणालीचा खरा खर्च तिथे कळतो.

जुळारी

ताईंचा धंद्याच्या मशीनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तरी माझं म्हणणं कायम आहे, कारण नवं मशीन आल्याने जुनी फाइल उघडत नाही. छापखान्यात मी असं सांगतोय: रोजच्या कामाला, मेलला, यूपीआयच्या हिशेबाला विंडोज ११ चं एक मशीन घ्या. जुन्या फॉन्टांचं मशीन ठेवा, पण त्याची नेटची वायर काढा आणि वायफायचं कार्डही बंद करा. त्या मशीनवर एकेक काम उघडून आधी पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये. पीडीएफ शेजारी असली की 'मामिर्क' लगेच दिसतो. ज्या संस्थेचा अंक दरवर्षी निघतो तो आधी, पत्रिका सगळ्यात शेवटी.

पॅचवाला

वायर काढली म्हणजे सुटलात असं नाही. फायली पेन ड्राइव्हनेच जाणार ना? कॉन्फिकर व्हायरस २००८-०९ मध्ये तसाही पसरला होता. ड्राइव्ह त्याच कामाला वेगळा ठेवा, ऑटोप्ले, म्हणजे ड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं, बंद करा, आणि गिऱ्हाइकाचा ड्राइव्ह त्या मशीनला लावू नका.

निवांत

गिऱ्हाईक समोर उभं असताना "तुमचा ड्राइव्ह लावत नाही" असं कोण सांगणार? कागदावर सगळं ठीक वाटतं. भाऊ नवीन मशीन घेणार नाही, मीही त्याला सांगणार नाही.

ताळेबंद

मग भावाला निदान गिऱ्हाइकांचे आधार कार्डांचे फोटो त्या मशीनवरून काढून टाकायला सांगा. एवढं तरी त्यांचं देणं लागतो.

जुळारी

आणि निवांत, भावाकडे विंडोज १० चंही मशीन असेल तर भंगारात काढण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन बघा. आठव्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल असूनही 'विंडोज ११ चालणार नाही' असा निरोप येतो, कारण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय आत असते पण बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती पीटीटी नावाने सापडते, एएमडी प्रोसेसरमध्ये एफटीपीएम. चालू केली की बरीच मशीनं पास होतात. ११ टाकून झाल्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने टाकलेल्या ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते आणि नेमक्या वेळी की मागितली जाते.