कोणते वाद्य शिकायला किती कठीण? पन्नाशीत सुरुवात करायची आहे

मंद्रसप्तक
नमस्कार. माझे वय ५१ आहे आणि मी साताऱ्यात राहतो. लहानपणापासून नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकत आलो आहे, बरेचसे राग ओळखता येतात, परंतु हातात वाद्य कधीच धरले नाही. येत्या जूनपासून मला रोज सकाळी पाऊण तास मोकळा मिळणार आहे आणि त्या वेळात एखादे वाद्य पद्धतशीर शिकावे अशी मनापासून इच्छा आहे. वाद्यांच्या दुकानात मला पेटी सर्वांत सोपी आणि व्हायोलिन सर्वांत कठीण असे सांगण्यात आले. एका परिचित तबलावादकांचे म्हणणे असे की स्वरवाद्यापेक्षा तबल्याला अधिक वर्षे द्यावी लागतात. बहिणीने बासरी सुचवली, कारण ती स्वस्त आहे आणि कुठेही नेता येते. या कठीणपणाला काही निश्चित माप आहे का, की प्रत्येक जण आपापल्या अनुभवावरून बोलतो? आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वीस वर्षांपूर्वीच्या अपघातामुळे माझ्या डाव्या हाताची अनामिका मधल्या पेरापाशी पुरती वळत नाही आणि पुरती सरळही होत नाही. माझ्या दहा वर्षांच्या मुलीलाही शिकायचे आहे. तिच्यासाठी काय योग्य ठरेल, तेही कृपया सांगावे.

उत्तररात्र
मी गेली तीस वर्षे गायनाला संवादिनीची साथ करतो, त्यामुळे पेटीपुरते अधिकाराने बोलतो. पेटी सोपी वाटते याचे कारण एवढेच की तिच्यात स्वर तयार मिळतो. पट्टी दाबली आणि भाता हलवला की पहिल्या दिवशीही षड्ज षड्जच वाजतो. व्हायोलिन, सारंगी किंवा बासरी या वाद्यांवर तो तुम्हाला स्वतः निर्माण करावा लागतो. पहिल्या सहा महिन्यांत साधे अलंकार आणि एखादे भजन किंवा नाट्यपद ओळखू येईल इतपत वाजवता येते, आणि आपण काही तरी वाजवतो आहोत हे समाधान पन्नाशीत शिकणाऱ्यासाठी लहान नाही.

मात्र पेटीचा खरा कठीणपणा नंतर सुरू होतो, कारण या वाद्याला मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे हा आपल्या गायकीचा प्राण, आणि पेटीवर दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. शिवाय तिचे बारा स्वर समान अंतराने बसवलेले असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू (आपोआप उमटणारा) गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा चढा असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती पुढे तीन दशके टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हेच दोन मुद्दे प्रमुख होते. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांचे वादन ऐकले की या उणिवांवर माणसाने कशी मात केली ते कळते: कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागणारा स्वर), एका पट्टीवरून दुसरीवर जाताना किंचित मागे रेंगाळणारे बोट, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भात्यावरचे नियंत्रण. नवा विद्यार्थी डावा हात पंप मारल्यासारखा हलवतो. भात्याने स्वर फुलवता आणि मिटवता येतो, हे माझ्या हाताला उमजायला दहा वर्षे लागली.

तुमच्या बोटाविषयी: पट्ट्यांवर उजवा हात असतो आणि डावा भात्यावर, त्यामुळे तुमच्या अनामिकेची अडचण पेटीवर जाणवणारच नाही.

गजर_नव्हे_गज
मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी व्हायोलिन सुरू केले, त्याला आता अकरा वर्षे झाली. दुकानदाराने जे सांगितले त्यात तथ्य आहे, पण ते कशामुळे, हे त्याने सांगायला हवे होते.

व्हायोलिनला पडदे नसतात. मोठ्या आकाराच्या वाद्यावर तारेची लांबी ३३ सेंटीमीटरच्या आसपास असते आणि खुल्या तारेपासून पहिला पूर्ण स्वर साधारण साडेतीन सेंटीमीटरवर लागतो. तिथे बोट चार मिलिमीटर चुकले, तर स्वर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याने हलतो, म्हणजे घरातल्या इतरांनाही कळेल इतका बेसूर होतो. तारसप्तकाकडे जाल तशी ही अंतरे आकसत जातात, त्यामुळे जी चूक खाली चालून गेली ती वर चालत नाही. दुसरी अडचण गजाची. गज तारेला काटकोनात राहिला नाही किंवा दाब कमी-जास्त झाला की आवाज खरखरतो. माझे पहिले चार महिने निव्वळ खुल्या तारांवर सरळ गज ओढण्यात गेले आणि त्या काळात मी वाद्य विकून टाकण्याचा विचार दोनदा केला. आपल्या पद्धतीत मांडी घालून वाद्याचा निमुळता शेंडा उजव्या पावलावर टेकवतात, त्यामुळे डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा होतो आणि मींड घेता येते; पण ती बैठक अंगवळणी पडेपर्यंत कंबर आणि घोटा दोन्ही दुखतात.

तरीही एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तुमचा कान चाळीस वर्षे तयार झाला आहे. आपण कुठे चुकलो हे ज्याला ऐकू येते, त्याला हे वाद्य शिकवत राहते. साताऱ्याचे आहात म्हणून सांगतो, पं. व्ही. जी. जोग यांचा जन्म तुमच्याच जिल्ह्यातल्या वाईचा. त्यांचे वादन ऐकाल तर पडदे नसणे हेच या वाद्याचे वैभव कसे आहे ते ध्यानात येईल.

मुलीसाठी मात्र मी व्हायोलिनच सुचवीन. ते लहान मापांतही मिळते, त्यामुळे दहा वर्षांच्या हाताला बेताचे वाद्य निवडता येते.

बासरीविषयी थोडे सावध राहावे. मी ती दोन वर्षे वाजवली. फुंक लागायलाच काहींना आठवडे लागतात. मध्यमावरून पंचमावर जाताना जवळजवळ सगळी मोकळी छिद्रे सहाही बोटांनी एकाच क्षणी बंद करावी लागतात, आणि एका बोटाखालून किंचित हवा निसटली तरी स्वर फाटतो. शुद्ध मध्यम अर्धे छिद्र झाकून काढायचा असतो, तो रोज वेगळा लागतो. पं. पन्नालाल घोष यांनी रागसंगीतासाठी जी लांब बासरी रूढ केली, तिच्यावर तर बोटांचा ताण आणखी वाढतो. वाद्य स्वस्त असले म्हणून ते सोपे ठरत नाही.

किनार
तबल्याबद्दल वर आलेल्या मताला मी तबलाशिक्षक असूनही अर्धाच पाठिंबा देईन. तीनताल, झपताल, रूपक, केरवा आणि दादरा यांचे ठेके सहा ते आठ महिन्यांत हातात बसू शकतात. घरगुती भजनाला तेवढे पुरते. परंतु ‘ना’ हा बोल किनारीवर (पुडीच्या कडेवर) स्वच्छ वाजवायचा तर तर्जनी किनारीवर पडून लगेच उठावी लागते आणि त्याच वेळी अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली राहावी लागते. हे एकच अक्षर माझ्याकडे येणारे निम्मे विद्यार्थी वर्षभर चुकीचे वाजवतात. ‘धिरधिर’ आणि डाव्या हाताच्या डग्ग्याची घुमारदार मींड तर पुढची गोष्ट. आणि विलंबित एकतालात एकेक मात्रा चार सेकंदांहून लांबते, तेव्हा हात चालवण्यापेक्षा हात थांबवणे अवघड होऊन बसते. लय मनात पक्की व्हायला पढंतीला (तालाचे बोल तोंडाने म्हणण्याला) पर्याय नाही, आणि पढंतीला ना वाद्य लागते ना बैठक. कामावर जाताना-येतानाही ती करता येते.

शाईवर टेकणारी अनामिका उजव्या हाताची असते. डग्ग्यावर मुख्य काम तर्जनी, मधले बोट आणि मनगटाचे, म्हणून तुमच्या बोटाची तिथे फारशी अडचण नाही.

कृष्णाकाठ
मी मिरजेचा आहे आणि सतार वाजवतो. वरच्या चर्चेत सतारीचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो.

सर्वसाधारण क्रमवारीत सतार नेहमी कठीण वाद्यांत मोडते आणि ते योग्यच आहे. डाव्या पावलावर भोपळा टेकवून उजव्या कोपराने वाद्य तोलायचे, मिझराबाने (बोटात घालायच्या तारेच्या नखीने) ‘दा’ आणि ‘रा’ सारख्या वजनाचे काढायचे, पोलादी तारेने बोटाच्या टोकाला पडणारी चीर घट्टा होईपर्यंत सोसायची, आणि हे सगळे करण्याआधी मुख्य तारा व तरफा (त्यांच्याखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) मिळून अठरा-वीस तारा जुळवायच्या. पाऊण तासातली पहिली पंधरा मिनिटे सुरुवातीला जुळवण्यातच जातात. एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वरांची मींड घेणे हे तर वर्षानुवर्षांचे काम. जवारी (घोडीच्या पृष्ठभागाची घडण, जिच्यामुळे तार गुंजते) बिघडली की कारागिराकडे जाण्यावाचून इलाज नसतो. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत वाद्य नेले की ते घोडी काढून कानसीने हलके घासतात, तार छेडून ऐकतात आणि पुन्हा घासतात; साताऱ्याहून मिरजेचे अंतर काही फार नाही.

पण तुमचा प्रश्न वाद्य सर्वांसाठी किती कठीण असा नसून तुमच्या हाताला किती कठीण असा आहे, आणि तिथे चित्र पालटते. बासरी सरळ धरा की उलटी, तिच्या तिसऱ्या किंवा सहाव्या छिद्रावर डावी अनामिका यावीच लागते. व्हायोलिनवर काही वादक पहिल्या दोन बोटांवर पुष्कळ काम भागवतात, तरी शिकताना तिसरे बोट लागतेच. सतारीत मात्र डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट ही दोनच बोटे बहुतेक सर्व काम करतात. म्हणून सर्वांना अवघड वाटणारे हे वाद्य तुम्हाला बासरीपेक्षा सुलभ जाऊ शकते. विकत घेण्याआधी अनामिका तशीच ठेवून दांडीवरून हात वरपासून खालपर्यंत सरकतो का, एवढे शिक्षकांसमोर बसून पाहा.

मंद्रसप्तक
सर्वांचे मनापासून आभार. बासरीचा विचार मी सोडला आहे. काल बहिणीच्या बासरीवर बोटे ठेवून पाहिली तेव्हा तिसऱ्या छिद्रावर अनामिका खरोखरच बसत नाही. मन सतारीकडे ओढ घेते, कारण पेटीवर मला मींडेची उणीव सतत जाणवेल हे उत्तररात्र यांच्या उत्तरातून स्पष्ट झाले. पुढच्या रविवारी मिरजेला जाऊन प्रत्यक्ष वाद्य हातात धरून पाहीन. मुलीला व्हायोलिनचा आवाज आवडला आहे. एकच शंका उरते: घरी आधीपासून एक जुनी पेटी आहे, तर सतार येईपर्यंत तिच्यावर स्वरांचा सराव करावा का?

उत्तररात्र
अवश्य करावा, पण पेटीबरोबर गळ्यानेही स्वर लावत जा आणि गंधार तानपुऱ्याशी ताडून पाहा. पेटीचा गंधार कानात घट्ट बसला, तर पुढे सतारीचा पडदा तुम्ही त्याच्याशीच जुळवाल.