घरातला सर्व्हर रॅक आणि इंदूरचा मे महिना: तुमचे अनुभव लिहा

धागा सुरू करतोय, सुदामानगर, इंदूर

ओळखीतल्या बऱ्याच घरांत आता एक तरी मशीन चोवीस तास चालू असतं. कुणाकडे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, कुणाकडे फोटोंचा एनएएस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारं मशीन), कुणाकडे ऑफिसचा टॅली सर्व्हर. वायरींचा गुंता होतो, राउटर चपलांच्या कपाटावर जाऊन बसतो आणि एक दिवस फोन येतो, "दादा, छोटा रॅक घ्यायचाय. कुठला घेऊ? एसी लागेल का?" रॅक म्हणजे ही मशीनं एकावर एक बसवायची लोखंडी चौकट किंवा पेटी. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा ज्यांनी लावलाय त्यांनी इथे लिहावं. काय मोजलं, कुठे फसलं, मे महिन्यात किती तापलं, सगळं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. सिल्व्हर मॉलमधून 9 यूचा (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप), भिंतीवर लावायचा रॅक आणला. काचेचं दार, दिसायला देखणा. त्याच आठवड्यात एका ऑफिसातून निघालेला 2 यूचा जुना सर्व्हर स्वस्तात मिळाला. दोघांनी उचलून रॅकमध्ये सरकवला, तर मागचा भाग वीतभराहून जास्त बाहेर! 1 यू म्हणजे पावणेदोन इंच, ते मी मोजलं होतं. रुंदी बहुतेक सगळ्यांची 19 इंचच असते. पुढून मागपर्यंतची खोली मोजायची राहिली. माझा रॅक 450 मिलिमीटर खोल आणि सर्व्हर 700 च्या आसपास. भिंतीवरचे रॅक मुळात नेटवर्कचा स्विच (अनेक मशीनं एकमेकांना जोडणारा डबा) आणि पॅच पॅनल (नेटवर्कच्या वायरी एकत्र आणणारी पट्टी) यांच्यासाठी बनतात, खरा सर्व्हर ठेवायचा तर 800 किंवा 1000 खोलीचा, जमिनीवर उभा राहणारा रॅक लागतो. आता मी सांगतो ते एवढंच: सगळ्यात लांब मशीन मोजा, प्लग आणि वायर वळायला मागे आणखी 100-150 मिलिमीटर धरा, मगच दुकानात जा.

तो सर्व्हर दुसऱ्याला दिला आणि कमी खोलीच्या 4 यू कॅबिनेटमध्ये साध्या डेस्कटॉपचे भाग बसवले. स्विच, राउटर, रेकॉर्डर धरून सगळं मिळून 180 वॅट. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर पाहिलं. मेच्या दुपारी खोलीत 35 अंश, रॅकच्या वरच्या शेल्फवर 49, डिस्क 57. रॅकच्या छतातला पंखा जोरात चालू होता. दोन दिवस मला कळेना. तिसऱ्या दिवशी काचेच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरली आणि धूर जागच्या जागी तरंगत राहिला. पंखा ओढत होता, पण हवेला आत यायला वाटच नव्हती. काच काढून जाळीचं दार लावलं, शेल्फ 42 वर आलं. मग रिकाम्या यूंना पत्र्याच्या पट्ट्या मारल्या, कारण मागची गरम हवा त्या खिंडारांतून परत पुढे येत होती. आणखी तीन अंश उतरले. खर्च पट्ट्यांचा, स्क्रूंचा आणि केज नट (रॅकच्या चौकोनी भोकांत अडकवायचे नट) बसवताना सोललेल्या बोटांचा.

पंखा किती मोठा हवा, याचा हिशेब सोपा आहे. वॅटला 1.76 ने गुणायचं आणि हवा किती अंश तापलेली चालेल त्याने भागायचं. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. माझे 180 वॅट आणि 8 अंश धरले तर 40. खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, वायरी आड आल्या की निम्मा धरावा. आणि रॅकसोबत येणारा 230 व्होल्टचा पंखा एकाच वेगाने रात्रभर घोंघावतो. त्याच्या जागी 12 व्होल्टचे दोन मोठे पंखे सावकाश चालवा. वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो.

रामबाग, इंदूर

मी घरूनच अकाउंट्सची कामं करते. आमचा वाडा जुना, जिन्याखाली कोनाडा आहे, तिथे 6 यूचा रॅक बसवला. उष्णतेचं मला फार सांगायचं नाही. प्लायच्या दाराला सुताराकडून खाली आणि वर जाळ्या पाडून घेतल्या आणि काम भागलं. मला सांगायचंय ते अर्थिंगचं.

रॅकच्या दाराला ओला हात लागला की मुंग्या यायच्या. सासूबाई एकदा तिथून केर काढत होत्या, त्या म्हणाल्या, "ह्या पेटीला हात लावला की विंचू डसल्यागत होतं, पोरांना तिकडे जाऊ देऊ नकोस गं." मी रॅक बसवणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला इतकं चालतं. मन मानेना म्हणून आमच्या नेहमीच्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी टेस्टर रॅकच्या पत्र्याला लावला आणि तो लख्ख पेटला. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नाही. नुसतं भोक.

त्यांनी समजावलं ते असं: प्रत्येक पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो, तो थोडासा करंट बॉडीकडे सोडतो. अर्थिंग असलं तर तो निमूट जमिनीत जातो. नसलं तर सगळा पत्राच निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो, आणि जितकी मशीनं जास्त तितका झटका मोठा. परसात खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. रॅकच्या दाराला आणि बाजूच्या पॅनलना हिरवी-पिवळी वायर वेगळी जोडायची असते. माझ्या रॅकमध्ये ती पिशवीतच पडून होती. जुन्या घरांत राहणाऱ्यांनी कृपा करून रॅकच्या आधी तिसरी पिन तपासून घ्या. आमच्या घरात लहान मुलं आहेत, म्हणून इतकं लिहिलं.

लोकमान्यनगर, इंदूर

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा अनुभव बिलाचा.

आमच्या घरी महिन्याला 130 युनिटच्या आसपास जायचे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेमध्ये वापर 150 युनिटच्या आत असला की पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. मी एक जुनं वर्कस्टेशन आणून शिकायला म्हणून चालू ठेवलं. शांत बसलं असतानाही ते 95 वॅट खायचं. 95 वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला 68 युनिट. आमचा आकडा 198 वर गेला आणि सवलत गेली. बाबा काही बोलले नाहीत, बिल फक्त माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या रात्री मी बसून सगळं मोजलं.

आता लॅपटॉपचा प्रोसेसर असलेला मिनी पीसी आहे, 11 वॅट, महिन्याला 8 युनिट. सोबत छोटा स्विच आणि एक रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा कॉम्प्युटर). सगळं 10 इंची छोट्या रॅकमध्ये, पुस्तकांच्या फळीवर, मागून-पुढून उघडं. एकही पंखा नाही. रास्पबेरी पाय 80 अंशांना स्वतःच वेग कमी करतो. माझा मे महिन्यात 68 च्या वर गेला नाही. कॉलेजातले मित्र जुना सर्व्हर घ्यायला निघतात तेव्हा मी त्यांना आधी घरचं बिल आणायला सांगतो.

लष्कर, ग्वाल्हेर

इंदूरकरांनो, तुमच्याकडे रात्र तरी गार होते. आमच्याकडे मेअखेर पारा 45 च्या पुढे जातो आणि रात्री दोनलाही भिंती धगधगत असतात. दगडी घर दिवसा उन्हाला अडवतं, पण एकदा तापलं की सकाळपर्यंत ऊन परत देत राहतं. म्हणून सांगतो, रॅक पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. आमचा लावला होता, उतरवून आतल्या भिंतीला नेला आणि काही न करता चार अंश वाचले.

इकडे प्रत्येक घरात कूलर, तेव्हा साहजिकच कूलर रॅकसमोर ठेवला. बाहेर 44, कूलरच्या तोंडाशी 27. कोरडी हवा असली की कूलरसारखा स्वस्त गारवा नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी खूश होतो. पाऊस सुरू झाल्यावर रॅक उघडला तेव्हा पंख्यांच्या पात्यांवर, स्विचच्या पोर्टमध्ये, सगळीकडे पांढरी पूड. बोटावर घेतली, खारट. बोअरचं पाणी जड. बारीक तुषार उडतात, पाणी सुकतं, क्षार तिथेच राहतात. दोन पोर्ट कायमचे गेले. आता कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत असतो, समोरची खिडकी उघडी, आणि रॅककडे थेट झोत जात नाही. गारव्यात तीन-चार अंशांचा फरक पडतो, तो मी सोसतो. जुलै लागला की कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा. दमट हवेत तो गार करत नाही, फक्त ओलावा वाढवतो.

बडोदा

आमच्याकडे कूलरचा प्रश्नच नाही, हवा दमट. माझं एकच सांगणं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. रॅक भिंतीवर चार फुटांवर होता म्हणून वाचला, पण यूपीएस खाली जमिनीवर होता, तो गेला. नदीकाठच्या गावात सगळंच उंचावर हवं.

तिलकनगर, इंदूर

बडोद्याच्या अनुभवाला धरून यूपीएसबद्दल लिहितो. इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये चाळीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. घरच्या सर्व्हरवर आमच्या नाटक मंडळींची जुनी रेकॉर्डिंगं जपून ठेवतोय, कॅसेटींवरून उतरवलेली.

यूपीएसमधल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांना धरलेलं असतं. तिथून दर 8 ते 10 अंशांना ते निम्मं होतं. रॅकच्या आत 35 अंश असतील तर चार वर्षांची बॅटरी दोनच वर्षं जाते, आणि ती गेलीय हे वीज गेल्यावरच कळतं. यूपीएस रॅकमध्ये ठेवायचाच तर सगळ्यात खालच्या यूमध्ये ठेवावा, वजनासाठीही आणि गारव्यासाठीही. शक्य असेल तर बाहेर, भक्कम स्टुलावर.

दुसरी गोष्ट एसीची. मी मोठ्या हौशीने 1 टनाचा एसी त्या खोलीत बसवला. माझा सगळा भार 300 वॅट, म्हणजे तासाला हजार बीटीयूच्या (उष्णतेचं माप) आसपास. 1 टन म्हणजे 12,000. मुंगीसाठी हत्ती आणला म्हणायचा. तेही चाललं असतं. पण एका लग्नाला देवासला गेलो होतो, दुपारी दहा मिनिटं वीज गेली. यूपीएसने सर्व्हर सांभाळला, वीज परत आली, एसी मात्र आला नाही. त्या मॉडेलमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोयच नव्हती. गारवा राहावा म्हणून मी दारं-खिडक्या घट्ट लावून गेलो होतो. रात्री घरी आलो आणि दाराची कडी काढली तर भट्टीचं झाकण उघडल्यासारखा लोट अंगावर आला. सौभाग्यवतींनी आधी खिडक्या उघडल्या, मी आधी सर्व्हरकडे धावलो. एक डिस्क गेली. तिची दुसरी प्रत धाकट्या भावाकडे होती, नाहीतर 1980 च्या दशकातले ते आवाज कायमचे गेले असते. अजूनही आठवलं की पोटात खड्डा पडतो.

आता एसी नाही. दाराखाली जाळी, समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट. डिस्क 52 झाली की मला निरोप येतो, 58 ला सर्व्हर स्वतः बंद होतो. नातवाने तेवढी स्क्रिप्ट लिहून दिलीय.

लोकमान्यनगर, इंदूर

काका, डिस्कच्या तापमानाबद्दल थोडं बोलतो. 2007 मध्ये गूगलने स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. डिस्क जरा गरम राहते म्हणून लवकर जाते, असं त्यात दिसलं नाही. फरक पडला तो खूप जास्त तापमानाला आणि जुन्या डिस्कमध्ये. म्हणजे 40-45 वर चालणाऱ्या डिस्कसाठी एसी लावायची गरज नाही. तुमच्यासारखी बंद खोलीतली भट्टी ही वेगळी गोष्ट, ती टाळायलाच हवी.

स्नेहलतागंज, इंदूर

आमचा रॅक सुताराने केलाय, प्लाय आणि लोखंडी पट्ट्यांचा. कुणाला करायचा असेल तर मापं देते. पुढच्या दोन पट्ट्यांच्या मधली मोकळी जागा 450 मिलिमीटरपेक्षा कमी नको, दोन्हीकडच्या भोकांच्या मध्यांतलं आडवं अंतर 465. उभी भोकं 15.9, 15.9, 12.7 अशी तीनच्या टप्प्यात जातात, की परत तेच. आमच्या सुताराने पहिल्या पट्टीला सगळी भोकं समान अंतरावर पाडली होती, एकही मशीन बसेना. आणि जाळी बारीक लावा. आमच्या पॉवर सप्लायमध्ये पाल शिरून दोन्ही गेले, पालही आणि सप्लायही. धुळीसाठी दिवाळीआधी आणि होळीनंतर ब्लोअर मारतो. पंख्याची पाती बोटाने धरून मारायचा, मोकळी फिरू द्यायची नाहीत.

वैशालीनगर, इंदूर

सगळं वाचलं, खूप मदत झाली. माझा प्रश्न: घर लहान आहे, स्वयंपाकघराच्या माळ्यावर 6 यूचा रॅक बसतो. ठेवू का? एनएएस आणि स्विच, 60 वॅटच्या आत.

धागाकर्ता, सुदामानगर

ताई, 60 वॅट म्हणजे काहीच नाही, पण माळ्यावर फोडणीचा तेलकट धूर चढतो. तो धुळीला चिकटून पंख्यावर थर बसतो, ब्लोअरनेही निघत नाही. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. दीडशे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर मिळतो, तो आज स्वयंपाक चालू असताना माळ्यावर ठेवा आणि हॉलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

वैशालीनगर, इंदूर

ठेवला. आत्ता रात्रीचे साडेनऊ, पोळ्या नुकत्याच आटोपल्या. हॉलमध्ये 32, माळ्यावर 41. माळा रद्द. सासूबाई म्हणतायत देवघराशेजारच्या कोनाड्यात गार असतं, त्या स्वतःच थर्मामीटर घेऊन गेल्यात. तिसरी पिन उद्या तपासून घेते.