पद्मिनीला तीन-टोकी सीटबेल्ट: कुठे, कसे, आणि उपयोग किती?

फियाटवेडा
१९७८ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी, कॉलम गिअर (दांडा स्टिअरिंगपाशी), पुढे अखंड बाकडं. कंपनीचे बेल्ट नाहीत. पुढच्या सीटना बेल्ट देणं उत्पादकांना १९९४ पासून बंधनकारक झालं, त्यामुळे पत्र्यात जागाही सोडलेली नाही. वापर रविवारचा, पुणे–सातारा, म्हणजे खंबाटकी आलाच.
गॅरेजवाले म्हणतात, दोन दारांमधल्या खांबाला भोक पाडून नटबोल्ट लावून देतो. एवढं पुरे का? घरातले थोर म्हणतात, पत्रा जाड आहे, बंपर लोखंडी आहे, बेल्टची गरजच काय. त्यांना पटेल असं तांत्रिक उत्तर हवंय. मागे लहान मुलाची सीट बसेल का, हेही सांगा.

दहाबारा_पाना
नुसत्या भोकावर अजिबात बसवू नका. तो खांब म्हणजे आतून पोकळ पत्रा. झटका बसला की बोल्ट वायसरसकट पत्रा फाडून बाहेर येतो. खांबाच्या आतून किमान ३ मिमी जाडीची, साधारण ५० बाय ७५ मिमीची पट्टी हवी. कडा गोल घासलेल्या आणि नट तिलाच वेल्ड केलेला. बोल्ट ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा (बारीक आट्यांचा यूएनएफ), हाय टेन्साइल. बेल्टच्या किटसोबत येतो तोच वापरा, बाजारातला साधा १० मिमी नको. खालची दोन टोकं फ्लोअरला, तिथे खालून आणखी मोठी पट्टी.

वरचं टोक खांद्याच्या पातळीला किंवा थोडं वर. खाली गेलं तर पट्टा धडकेत खांदा खाली दाबतो आणि भार मणक्यावर येतो. कमरेचा पट्टा ओटीपोटावर नको, कमरेच्या हाडावर बसायला हवा. आडव्याशी कोन साधारण ४५ ते ७० अंश. जुन्या बाकड्यात स्प्रिंगा मऊ असतात, माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा पोटात घुसतो. गादीच्या पुढच्या कडेखाली घट्ट फोम भरून घ्या.

पण या सगळ्याच्या आधी गंज. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची सिल, जॅकची जागा, पायाखालचा फ्लोअर, मडगार्डच्या आतली बाजू इथे चुंबक फिरवा. चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरने टोचा. पेंट कितीही चकाचक असो, सिल कुजलेली असेल तर बेल्टचं काम थांबवा आणि आधी नवा पत्रा वेल्ड करून घ्या.

मुलाची सीट: नको. मागे बेल्ट नाहीत, आयसोफिक्स (मुलाची सीट अडकवायच्या कड्या) नाही. मागेही असंच पट्ट्या टाकून तीन-टोकी बेल्ट लावले तरच विचार करा. तोवर मूल दुसऱ्या गाडीतून.

भार_आणि_वेग
थोरांसाठी आकडे देतो. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. हा वेग अर्ध्या मीटरच्या अंतरात शून्यावर आला तर शरीराला साधारण २० जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट, झटका बसतो. ७० किलोच्या माणसासाठी तो सुमारे १,४०० किलोचा ओढा झाला. अंतर १० सेंमीच मिळालं, तर तोच झटका १०० जीच्या जवळ. म्हणून बंपर वाकला नाही हे कौतुकाचं लक्षण नव्हे. न वाकलेल्या लोखंडाने जे अंतर द्यायला हवं होतं, ते छातीला स्टिअरिंगवर शोधावं लागतं. खांबाचा पत्रा का फाटतो, तेही या १,४०० किलोंतून कळेल. आंतरराष्ट्रीय नियमात बेल्टच्या टोकांची चाचणी खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर प्रत्येकी सुमारे १३.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास तेवढ्याच १,४०० किलोंनी, ओढून होते.

पुढचा भाग चुरगळायचा आणि मधली केबिन ताठ राहायची, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची. १९५९ च्या डब्ल्यू १११ मध्ये ती उत्पादनात आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन-टोकी बेल्टही आला. पद्मिनीचं मूळ डिझाइन म्हणजे फियाट ११००, त्याची मुळं १९५३ ची. स्टिअरिंगचा शाफ्ट दबून आखडणारा नाही, डॅशबोर्ड पत्र्याचा, सीटला हेडरेस्ट नाही.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर, पण पुढच्या भागाची एकच बाजू आदळेल अशा, प्रत्येकी ताशी सुमारे ६४ किमीला आदळवल्या. बेल एअरची केबिन कोसळली, तिचा चालक वाचला नसता. मालिबूच्या चालकाला पायाला किरकोळ इजा झाली असती. व्हिडिओ थोरांना दाखवा. बेल एअरमध्ये इंजिनच नव्हतं अशी अफवा फिरते, ती खोटी आहे.

घाटवाट
पत्र्याच्या समजुतीचं मूळ मला वेगळं दिसतं. "इतकी वर्षं चालवली, काही झालं नाही" हा अनुभव अपघात किती वेळा होतो तेवढंच सांगतो. झाला तर काय होईल, याबद्दल त्यात माहिती शून्य. शिवाय दार जड वाजतं, स्टिअरिंग आपल्या हातात असतं, रस्ता ओळखीचा असतो. आपल्या ताब्यातला, ओळखीचा धोका माणसाला लहानच वाटतो. स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या अभ्यासात अमेरिकन गटातल्या ९३ टक्के चालकांनी आपलं कौशल्य वरच्या निम्म्यात मोजलं होतं.

जुन्या गाडीचा एक मोठा गुण म्हणजे ती स्वतःच वेग जाणवून देते. ६० ला आवाज, थरथर, वारा, सगळं असतं. म्हणून आवाज दाबणारे शीट चिकटवू नका. गाडी शांत झाली की पाय आपोआप ८० वर जातो, आणि बॉडी तीच राहते. ब्रेक सुधारून घेतल्यावरही हेच होतं. मिळालेली सुरक्षा आपण वेगात खर्च करतो.

आता अंतर. ६० किमीला दीड सेकंदाच्या प्रतिक्रियेत २५ मीटर जातात, ते दोन्ही गाड्यांना सारखेच. पुढे ब्रेकिंग ०.५ जी धरलं तर २८ मीटर, आधुनिक गाडीचं ०.८ जी धरलं तर १८. म्हणजे पुढची गाडी जिथे थांबते, तिच्यापुढे तुम्ही दहा मीटर जाता. दुप्पट अंतर ठेवा. कुणी मध्ये घुसलं तर पुन्हा मागे या, वाद घालू नका.

चारही चाकांना ड्रम आणि एकच ब्रेक सर्किट. एक पाइप फुटला तर पेडल थेट तळाला. ब्रेक ऑइल पाणी शोषतं: डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइलमध्ये वाफ होते, पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी ऑइल बदला, डॉट ४ चालेल. डॉट ५ सिलिकॉन मात्र त्यात मिसळू नका. व्हील सिलिंडरचे रबर, लवचिक होज एकदाच सगळे नवे. उतार सुरू व्हायच्या आधी दुसरा किंवा तिसरा गिअर, मधोमध नव्हे.

फियाटवेडा
खूप आभार. वेल्डिंग करणारा शोधतो. रीलचा (आपोआप गुंडाळला जाणारा) बेल्ट घ्यावा की साधा, हाताने घट्ट करायचा? आणि दोन रेडियल टायर मिळालेत, पुढे टाकू का?

दहाबारा_पाना
रील चालेल, पण तिच्यावर लिहिलेल्या कोनातच बसवा. तिरकी झाली की एकतर सतत अडकते, नाहीतर गरजेला अडकत नाही. खांब अरुंद आहे, रील खाली सिलजवळ आणि वर फक्त वळणकडी ठेवा. साधा बेल्ट घेतलात तर दर वेळी घट्ट ओढायची शिस्त लागेल. सैल बेल्टने मधलं अंतर वाया जातं. छाती आणि स्टिअरिंग यांत २५ ते ३० सेंमी ठेवा, धडकेत पट्टा ताणला जातोच.

टायर: एका अॅक्सलवर रेडियल आणि साधा मिसळायचाच नाही. दोनच असतील तर मागे. पुढे टाकलेत तर वळणावर मागचा भाग आधी सुटतो. बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष; जुने निघाले तर नक्षी शाबूत असली तरी घेऊ नका. पेट्रोलचा रबरी पाइपही तपासा, ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) मुळे जुनं रबर मऊ पडून गळतं. ड्रायव्हरच्या सीटखाली एक किलोचा पावडर अग्निशामक घट्ट क्लँपमध्ये, आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच.